वीज आल्यावर आधी कोण उठणार? लिनक्समध्ये सर्व्हिसेसचा क्रम कसा लावायचा

“भाऊ, लाईट आली, डबा चालू झाला, पण स्क्रीनवर टेम्परेचर येत नाहीये. मग आम्ही बंद करून परत चालू केला, तर आलं.”

द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-पिंपळगावच्या बाजूने असा फोन आला की निदान त्या शेवटच्या वाक्यातच असतं. डबा, म्हणजे तापमान नोंदणारा छोटा लिनक्स संगणक, बिघडलेला नसतो. वीज आली तेव्हा राउटर, स्विच, डबा, सेन्सरचं पॅनेल असं सगळं एकदमच चालू झालं. नोंद ठेवणारा प्रोग्राम उठला तेव्हा त्याला लागणाऱ्या गोष्टी अजून डोळे चोळत होत्या. दुसऱ्यांदा चालू केला तोवर राउटर जागा झाला होता आणि डेटाबेसला आधीच्या धक्क्यातून सावरायचं काम फारसं उरलं नव्हतं.

हे कायमचं कसं मिटवायचं ते इथे पायरीपायरीने लिहितोय. उदाहरणाला पॅकहाऊसच्या कोल्ड रूमचाच डबा घेतलाय, कारण त्यात सगळ्या अडचणी एका जागी सापडतात. अंबड-सातपूरच्या शॉपमधलं डेटा लॉगिंग असो, क्लिनिकमधला सर्व्हर असो की सोसायटीचा कॅमेरा रेकॉर्डर, लिनक्स असेल तर कृती हीच. कमांड आणि सेटिंगची नावं देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगने टाईप करायची.

डब्यात काय आहे ते आधी सांगतो. रास्पबेरी पाय ४, त्याला यूएसबीने जोडलेली एसएसडी, त्या एसएसडीवर पोस्टग्रेस डेटाबेस. सेन्सरची आरएस-४८५ वायर यूएसबीला जोडणारा कन्व्हर्टर, त्यावरून मॉडबसने (सेन्सरशी बोलायच्या ठरलेल्या भाषेने) तापमान वाचणारा पायथन प्रोग्राम. त्याला ‘नोंद’ म्हणू. स्क्रीनवर आलेख दाखवायला ग्राफाना. आणि दर पंधरा मिनिटांनी आकडे बाहेरच्या सर्व्हरला पाठवणारी आणखी एक सर्व्हिस, तिला ‘पाठवणी’ म्हणू.

आधी जुनी सवय सोडा

या दुखण्यावर गावोगावी चालणारा इलाज म्हणजे ‘स्लीप ६०’. आरसी.लोकल फाइलमध्ये एक मिनिट थांबायचं आणि मग प्रोग्राम चालवायचा. चालतं, आणि चालतं म्हणूनच घात होतो. वीज अचानक गेलेली असेल तर उठताना फाइल सिस्टिमची तपासणी होते, पोस्टग्रेस डेटा फाइलींत पोचायचे राहिलेले बदल आपल्या लॉगमधून पुन्हा लावून घेतो, आणि त्या दिवशी साठ सेकंद पुरत नाहीत. मग कोणी ते १२० करतं. काही महिन्यांनी १८०. एरवी वीस सेकंदांत उठणारा डबा तीन मिनिटं उगाच बसून राहतो आणि ज्या दिवशी खरोखर वेळ लागतो त्या दिवशी तरीही पडतोच. घड्याळ बघून थांबू नका. कोणासाठी थांबायचं ते मशीनला सांगा.

मशीन उठताना सर्व्हिसेस (मागे चालत राहणारे प्रोग्राम) सुरू करणाऱ्या पहिल्या प्रोग्रामला इनिट म्हणतात. पूर्वी सिस्टम-पाच पद्धतीच्या इनिटमध्ये क्रम आकड्यांनी लागायचा. एस२० आधी, एस९९ नंतर, एकामागून एक. समजायला सोपं, पण सावकाश. २०१० मध्ये सिस्टमडी हे नवं इनिट आलं, २०१५ च्या आवृत्ती ८ पासून डेबियन या लिनक्सच्या प्रकारात तेच मूळचं झालं, आणि रास्पबेरी पायवरही तेच आहे. सिस्टमडीची वृत्ती उलटी: ज्यांचा क्रम कोणी सांगितलेला नाही ते सगळे एकाच वेळी सोडायचे. तुम्ही क्रम लिहिला नसेल तर क्रम नसतोच. एखाद्या डब्यात वर्षभर योग्य क्रमाने उठत आलं असेल तर तो योगायोग होता, आणि नवीन एसएसडी लावली की तो संपतो.

पायरी १: आत्ता काय घडतंय ते बघा

काही बदलायच्या आधी पुरावा गोळा करा. ‘सिस्टमडी-ॲनालाइज क्रिटिकल-चेन’ ही कमांड द्या. कोण कोणामुळे अडून राहिलं याची साखळी दिसते. त्यात ॲट चिन्हापुढचा आकडा म्हणजे ती गोष्ट कधी चालू झाली, आणि अधिक चिन्हापुढचा म्हणजे तिला किती वेळ लागला. एखाद्याच सर्व्हिसची साखळी हवी असेल तर शेवटी तिचं नाव द्या.

‘सिस्टमडी-ॲनालाइज ब्लेम’ बहुतेकांना माहीत असते, पण तिच्यावर फार विसंबू नका. कोणाला किती वेळ लागला एवढंच ती सांगते, कोणामुळे कोण थांबलं ते नाही. शिवाय ‘सिंपल’ प्रकारची सर्व्हिस तिथे दिसतच नाही, कारण सिस्टमडीच्या लेखी ती सुरू केल्या क्षणीच झालेली असते. आपलं दुखणं नेमकं तिथेच असतं.

मग लॉग. ‘जर्नलसीटीएल -बी -यू नोंद’ म्हणजे या बूटमधला (मशीन या वेळी उठल्यापासूनचा) फक्त ‘नोंद’चा लॉग, ‘-बी -१’ म्हणजे मागच्या बूटचा. मागचा लॉग टिकायला /व्हार/लॉग/जर्नल ही फोल्डर असावी लागते. नसेल तर लॉग मेमरीत राहतो आणि विजेबरोबर जातो. आणखी एक: पाय ४ मध्ये घड्याळाची बॅटरी नाही, त्यामुळे बूटच्या सुरुवातीच्या लॉगवरच्या वेळा खोट्या असू शकतात. ‘-ओ शॉर्ट-मोनोटोनिक’ जोडलं की तारीख-वेळेऐवजी बूट झाल्यापासूनचे सेकंद दिसतात. क्रम तपासायला हेच धरून चला.

पायरी २: दोन प्रश्न वेगळे करा

बहुतेक सगळा गोंधळ इथे आहे, म्हणून जरा रेंगाळतो.

पहिला प्रश्न: मला तू हवास का? याचं उत्तर ‘वॉन्ट्स’ किंवा ‘रिक्वायर्स’ने द्यायचं. दुसरा प्रश्न: मी तुझ्यानंतर येऊ का? याचं उत्तर ‘आफ्टर’ने. उलट बाजूने सांगायचं असेल तर ‘बिफोर’. हे दोन प्रश्न एकमेकांना बांधलेले नाहीत. नुसतं ‘रिक्वायर्स’ लिहिलं तर दोघे एकत्रच सुटतात, क्रम लागत नाही. नुसतं ‘आफ्टर’ लिहिलं तर समोरचा येणार असेल तर त्याच्यानंतर, येणारच नसेल तर खुशाल एकटा. पॅकहाऊसमध्ये “प्री-कूलिंग झाल्यावरच पेट्या कोल्ड रूममध्ये” हा क्रमाचा नियम झाला. आज प्री-कूलिंग चालू करायचं की नाही हा हुकूम वेगळा. पहिला नियम भिंतीवर लावला म्हणून प्री-कूलिंगचं मशीन आपोआप सुरू होत नाही.

त्यामुळे जवळजवळ नेहमी जोडीनेच लिहायचं: वॉन्ट्स आणि आफ्टर, दोन्ही ओळींत तेच नाव.

नुसतं ‘आफ्टर’ मुद्दाम वापरायची जागाही आहे. ग्राफानाच्या पॅकेजबरोबर येणारी फाइल उघडून बघा: पोस्टग्रेस, मारियाडीबी, मायएसक्यूएल, इन्फ्लक्सडीबी अशी सगळ्यांची नावं ‘आफ्टर’मध्ये आहेत. यातलं जे मशीनवर नाही त्याच्याकडे सिस्टमडी दुर्लक्ष करतं. असेल तर त्याच्यानंतर. त्यामुळे पोस्टग्रेस आणि ग्राफाना यांच्यामध्ये आपल्याला काही लिहायची गरज नाही.

‘रिक्वायर्स’ ऐकायला भक्कम वाटतं म्हणून लोक ते लिहितात. मी सहसा लिहीत नाही. एक तर पोस्टग्रेस कोणी रीस्टार्ट केला, किंवा अपडेटने आपोआप झाला, की ‘रिक्वायर्स’वाली सर्व्हिसही त्याच्याबरोबर खाली जाते. दुसरं, डेबियनवर पोस्टग्रेसक्यूएल.सर्व्हिस नावाची जी सर्व्हिस आहे ती नुसती पाटी आहे. आत ‘ट्रू’ ही काहीच न करणारी कमांड चालते आणि ती कधीच नापास होत नाही. खरा डेटाबेस पोस्टग्रेसक्यूएल@१५-मेन अशा नावाच्या वेगळ्या सर्व्हिसमध्ये असतो. आकडा तुमच्या आवृत्तीचा. म्हणजे पाटीवर ‘रिक्वायर्स’ लावून डेटाबेस चालू असल्याची कसलीच हमी मिळत नाही. क्रमापुरती मात्र पाटी चालते, कारण खरी सर्व्हिस स्वतःला पाटीच्या ‘बिफोर’ लावून घेते.

‘आफ्टर’चा एक फायदा फुकटात मिळतो: बंद होताना क्रम आपोआप उलटा होतो. ‘नोंद’ पोस्टग्रेसनंतर उठत असेल तर बंद होताना ‘नोंद’ आधी थांबते, मग पोस्टग्रेस. शेवटचा आकडा लिहिला जायच्या आत डेटाबेस गेला, असं होत नाही. डबा इन्व्हर्टरवर असेल आणि बॅटरी संपत आल्यावर नीट शटडाऊन होत असेल तर हे कामाला येतं.

पायरी ३: मूळ फाइलला हात लावू नका

पॅकेजबरोबर आलेली युनिट फाइल (सर्व्हिस कशी चालवायची ते लिहिलेली फाइल) /यूएसआर/लिब/सिस्टमडी/सिस्टम मध्ये असते. ती थेट बदलली की पुढच्या अपडेटला बदल पुसला जातो. ‘सुडो सिस्टमसीटीएल एडिट’ आणि पुढे सर्व्हिसचं नाव द्या. फाइल उघडेल, तिच्यात फक्त तुमच्या ओळी लिहा. नव्या आवृत्त्यांत मूळ फाइल टिप्पणी म्हणून खाली दिसते, तिथे तुमच्या ओळी वरच्या दोन सूचनांच्या मधल्या जागेतच लिहा. ती /ईटीसी/सिस्टमडी/सिस्टम खाली त्या सर्व्हिसच्या नावाच्या .डी फोल्डरमध्ये ओव्हरराइड.कॉन्फ म्हणून साठवली जाते.

एक अडचण माहीत असू द्या. अशा जोडफाइलमधून ‘आफ्टर’, ‘वॉन्ट्स’ वगैरे वाढवता येतात, कमी करता येत नाहीत. रिकामं ‘आफ्टर=’ लिहून आधीचे नियम पुसले जातील असं समजू नका. एखादा नियम खरोखर काढायचाच असेल तर ‘एडिट --फुल’ने पूर्ण फाइलची प्रत घेऊन ती बदलावी लागते, आणि मग त्या फाइलची जबाबदारी तुमची. हाताने फाइल बदलली असेल तर ‘सिस्टमसीटीएल डेमन-रीलोड’ विसरू नका.

पायरी ४: डिस्क

क्रमाची सुरुवात इथून. एसएसडी /डेटा या फोल्डरवर लागते असं धरू. कोणती डिस्क कुठे लावायची ते सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलमध्ये तिच्या ओळीत ‘नोफेल’ असतं की नाही यावरून दोन वेगवेगळी संकटं येतात.

‘नोफेल’ नसेल आणि केबल हलली असेल तर डबा दीड मिनिट वाट बघून इमर्जन्सी मोडमध्ये जातो. स्क्रीन-कीबोर्ड नसलेल्या डब्यासाठी याचा अर्थ तुम्हाला नाशिकहून गाडी काढावी लागणार. ‘नोफेल’ लावलं तर डबा उठतो, पण आता डिस्क लागायच्या आधीच बाकीचे पुढे जाऊ शकतात. डिस्क नसताना /डेटा ही एसडी कार्डावरची साधी रिकामी फोल्डर असते. एखादा प्रोग्राम तिथे सीएसव्ही लिहीत असेल तर तो मुकाट्याने कार्डावर लिहीत बसतो. कार्ड भरलं की कळतं. किंवा डिस्क नंतर लागते आणि त्या फाइली तिच्याखाली झाकल्या जातात, म्हणजे डेटा गेला असं वाटतं आणि जागा मात्र भरलेली दिसते.

म्हणून ‘नोफेल’ ठेवायचं, आणि जो कोणी /डेटा वापरतो त्याच्या युनिटमध्ये एक ओळ:

[युनिट]
रिक्वायर्समाउंट्सफॉर=/डेटा

ही एकच ओळ गरज आणि क्रम दोन्ही सांगते. डिस्क लागेपर्यंत सर्व्हिस थांबते. लागलीच नाही तर सुरूच होत नाही. डेबियनच्या पोस्टग्रेसमध्ये /व्हार/लिब/पोस्टग्रेसक्यूएल साठी असा नियम आधीच आहे, पण डेटा तुम्ही दुसरीकडे हलवला असेल तर त्याला ते ठाऊक नसतं. ओळ टाकायची ती पोस्टग्रेसक्यूएल@ या खऱ्या सर्व्हिसला, पाटीला नव्हे.

पायरी ५: ‘सुरू झाला’ आणि ‘तयार झाला’

‘आफ्टर’ म्हणजे समोरचा सुरू झाल्यावर. पण सुरू झाला हे सिस्टमडी कशावरून ठरवतं? ते युनिटमधल्या ‘टाइप’वर अवलंबून आहे.

‘सिंपल’ असेल तर प्रोसेस जन्माला घातली की झालं. प्रोग्राम फाइल सापडली की नाही याचीही वाट बघत नाही. ‘एक्झेक’ त्याहून थोडा बरा, निदान प्रोग्राम खरंच चालायला लागल्यावर पुढे जातो. ‘वनशॉट’ काम पूर्ण होऊन प्रोग्राम संपेपर्यंत थांबतो, म्हणून एकदाच चालणाऱ्या तयारीच्या स्क्रिप्टला तो योग्य; सोबत ‘रिमेनआफ्टरएक्झिट=यस’ लिहिलं की काम संपल्यावरही ती चालू समजली जाते. ‘फोर्किंग’ स्वतःच मागे जाऊन चालणाऱ्या जुन्या प्रोग्रामसाठी. आणि ‘नोटिफाय’ म्हणजे प्रोग्राम स्वतः सांगतो, “मी तयार.” तोपर्यंत मागचे सगळे थांबतात.

तुम्ही लिहिलेल्या प्रोग्रामच्या मागे कोणी थांबत असेल तर ‘नोटिफाय’च वापरा. पायथनमध्ये सिस्टमडीची लायब्ररी घेऊन पोर्ट उघडल्यावर, पहिलं तापमान वाचल्यावर ‘रेडी=१’ एवढा निरोप पाठवायचा. एका ओळीचं काम आहे.

दुसऱ्याचा प्रोग्राम असेल आणि त्याच्या तयारीची खात्री हवी असेल तर विचारून घ्या. पोस्टग्रेसबरोबर ‘पीजी_इजरेडी’ नावाची छोटी कमांड येते. सर्व्हर जोडणी घेत असेल तर ती शून्य परत करते, सावरत असेल तर नाही. ती ‘होय’ म्हणेपर्यंत दर सेकंदाला विचारणारी शेलची ओळ ‘एक्झेकस्टार्टप्री’मध्ये, म्हणजे मुख्य प्रोग्रामच्या आधी चालणाऱ्या कमांडमध्ये, टाकायची. यातही सेकंदाची झोप आहे, पण उत्तर मिळताच पुढे जाणारी. मुदत ‘टाइमआउटस्टार्टसेक’ची, ती मुळात ९० सेकंद असते आणि मोठ्या डेटाबेसला वीज गेल्यानंतर अपुरी पडू शकते. मी ३०० ठेवतो.

आणि हेही करून प्रोग्रामने स्वतः पुन्हा जोडणी करून बघायला शिकलंच पाहिजे. बूटचा क्रम फक्त बूटच्या वेळी उपयोगी पडतो. दुपारी दोनला डेटाबेस रीस्टार्ट झाला तर ‘आफ्टर’ तुमच्या मदतीला येत नाही.

पायरी ६: यूएसबी पोर्ट

कन्व्हर्टर कधी टीटीवाययूएसबी० म्हणून येतो, कधी दुसरं काही जोडलेलं असेल तर टीटीवाययूएसबी१. त्यामुळे यूडेव्ह या उपकरणांना नावं देणाऱ्या यंत्रणेचा नियम लिहून त्याला कायमचं नाव द्या, समजा ‘नोंदपोर्ट’. सिस्टमडी अशा सिरियल पोर्टचं आपोआप ‘डिव्हाइस’ युनिट बनवतं, आणि त्याच्यासाठी थांबता येतं. ‘नोंद’ची पूर्ण फाइल अशी होते:

[युनिट]
डिस्क्रिप्शन=कोल्ड रूम तापमान नोंद
वॉन्ट्स=पोस्टग्रेसक्यूएल.सर्व्हिस
बाइंड्सटू=डेव्ह-नोंदपोर्ट.डिव्हाइस
आफ्टर=पोस्टग्रेसक्यूएल.सर्व्हिस डेव्ह-नोंदपोर्ट.डिव्हाइस
स्टार्टलिमिटइंटरव्हलसेक=०

[सर्व्हिस]
टाइप=नोटिफाय
एक्झेकस्टार्टप्री=(पीजी_इजरेडी विचारणारी ओळ)
एक्झेकस्टार्ट=(पायथन प्रोग्रामचा पूर्ण पाथ)
टाइमआउटस्टार्टसेक=३००
रीस्टार्ट=ऑलवेज
रीस्टार्टसेक=५

[इन्स्टॉल]
वॉन्टेडबाय=डेव्ह-नोंदपोर्ट.डिव्हाइस

‘बाइंड्सटू’ हे ‘रिक्वायर्स’पेक्षा कडक: पोर्ट निघाला की सर्व्हिसही थांबते. पण पोर्ट परत लावल्यावर ती आपोआप उठावी म्हणून ‘वॉन्टेडबाय’मध्ये नेहमीचं मल्टी-युजर.टार्गेट (टार्गेट म्हणजे बूटमधला ठरलेला टप्पा) न लिहिता डिव्हाइसचंच नाव दिलंय. कोणी झाडताना वायर ओढली आणि परत खोचली, तरी नोंद पुन्हा चालू. फाइल लिहून झाल्यावर ‘सिस्टमसीटीएल इनेबल’ करायचंच, नाहीतर ‘इन्स्टॉल’चा भाग कागदावरच राहतो.

‘स्टार्टलिमिटइंटरव्हलसेक=०’ का? मूळ सेटिंगमध्ये पडलेली सर्व्हिस सेकंदाच्या दहाव्या भागात पुन्हा उठवली जाते, आणि दहा सेकंदांत पाचदा उठवून झालं की सिस्टमडी नाद सोडतं. म्हणजे लगेच पडणारा प्रोग्राम ‘रीस्टार्ट’ लावलेला असूनही सेकंदाभरात कायमचा बंद. लॉगमध्ये ‘स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली’ अशी ओळ दिसली की समजायचं. पाच सेकंदांचं अंतर ठेवलं आणि मर्यादा शून्य केली की तो प्रयत्न करत राहतो. ही ओळ [युनिट] भागात लिहायची आहे, [सर्व्हिस]मध्ये नाही.

पायरी ७: नेटवर्क आणि घड्याळ

‘नेटवर्क.टार्गेट’ आणि ‘नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट’ ही दोन वेगळी नावं आहेत. पहिल्याचा अर्थ नेटवर्क सांभाळणारी यंत्रणा सुरू झाली एवढाच. पत्ता मिळाला असेल किंवा नसेल. त्याचा खरा उपयोग बंद होतानाच्या क्रमासाठी. पत्ता मिळेपर्यंत थांबायचं असेल तर दुसरं, आणि तेही जोडीने: वॉन्ट्स आणि आफ्टर दोन्ही.

दुसऱ्यावरही आंधळा विश्वास नको. ‘ऑनलाइन’ म्हणजे नेटवर्क कार्डाला पत्ता मिळाला. इंटरनेट आहे असं त्यात कुठेही नाही. शिवाय वीज आल्यावर फायबरचा राउटर डब्यापेक्षा सावकाश उठतो. वाट बघणारी सर्व्हिस ठरावीक मुदतीनंतर हात टेकते, सिस्टमडी-नेटवर्कडीच्या बाबतीत ही मुदत १२० सेकंद. ती नापास झाली तरी टार्गेट पुढे सरकतं आणि ‘पाठवणी’ राउटर नसताना सुटते. म्हणून ‘पाठवणी’ला ही जोडी लावाच, पण रीस्टार्टचे नियमही लावा.

‘नोंद’ला मात्र नेटवर्कचा एकही नियम लावलेला नाही, हे मुद्दाम. सेन्सर वायरने जोडलेला आहे, डेटाबेस त्याच डब्यात आहे. नेटवर्कसाठी तिला थांबवलं तर राउटर बिघडलेल्या रात्री तापमानच लिहिलं जाणार नाही. युनिट फाइल लिहिताना लोक सवयीने नेटवर्क-ऑनलाइन चिकटवतात. प्रत्येक ‘आफ्टर’ला विचारा की हा नसेल तर माझं काम खरंच अडतं का.

घड्याळाचा प्रश्न जास्त अवघड आहे. पाय ४ उठतो तेव्हा त्याच्याकडे शेवटची साठवलेली वेळ असते. वीज दोन तास नसेल तर घड्याळ दोन तास मागे. इंटरनेट आलं की ते उडी मारून बरोबर होतं, पण मधल्या नोंदींवर चुकीची वेळ बसते, आणि त्या वीज जाण्याआधीच्या नोंदींना जाऊन भिडतात. निर्यातीच्या मालाचं तापमान कोणी तपासायला आलं तर विजेचा खंड कुठे होता तेच दिसत नाही.

यावर सिस्टमडीचा इलाज आहे: सिस्टमडी-टाइम-वेट-सिंक ही सर्व्हिस इनेबल करायची आणि ज्याला खरी वेळ हवी त्याला आफ्टर=टाइम-सिंक.टार्गेट लावायचं. ‘पाठवणी’ला हे शोभतं, चुकीच्या तारखेला तिची सुरक्षित जोडणीही सर्टिफिकेट अवैध म्हणून नाकारली जाऊ शकते. पण ही वाट बघण्याला मुदत नाही. इंटरनेट रात्रभर आलं नाही तर ‘नोंद’ रात्रभर बसून राहील, आणि चुकीच्या वेळेच्या नोंदीपेक्षा नोंदच नसणं वाईट. म्हणून ‘नोंद’ला घड्याळासाठी थांबवू नका, डब्याला घड्याळच द्या. डीएस३२३१ चा छोटा आरटीसी (बॅटरीवर चालणारं घड्याळ) बोर्ड एमजी रोडला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात विचारा, नाहीतर ऑनलाइन मागवा. पाय ५ मध्ये आरटीसी बोर्डावरच आहे, पण तिची बॅटरी वेगळी घ्यावी लागते, आणि ती न घेता “यात घड्याळ आहे” असं सांगणारे भेटतात.

टाइम-वेट-सिंक चालू केल्यावर आणखी एक गोष्ट बदलते. कॅलेंडरच्या वेळेवर चालणारे सगळे टायमर, रोजचा बॅकअप वगैरे, मुळातच टाइम-सिंकनंतर लावलेले असतात. आता तेही इंटरनेटची वाट बघतील. बॅकअप झाला नाही म्हणून शोधाशोध करताना हे आठवावं.

पायरी ८: चक्र

क्रमाचे नियम वाढले की कधीतरी ते गोल फिरतात. नेहमी सापडणारं उदाहरण: /डेटा डिस्क लावायच्या आधी तिचं कुलूप उघडणारी स्क्रिप्ट हवी म्हणून कोणी साधी सर्व्हिस लिहितो आणि तिला ‘बिफोर=डेटा.माउंट’ लावतो. बरोबर दिसतं. पण प्रत्येक साध्या सर्व्हिसला सिस्टमडी न सांगता काही नियम जोडतं, त्यात सिसइनिट.टार्गेटनंतर उठणं आहे. सिसइनिट थांबतं लोकल-एफएस.टार्गेटसाठी, ते (‘नोफेल’ नसेल तर) थांबतं डेटा.माउंटसाठी, आणि डेटा.माउंट आपल्या स्क्रिप्टसाठी.

अशा वेळी मशीन अडकून पडत नाही. सिस्टमडी चक्रातलं एक काम सरळ वगळून पुढे जातं, आणि कधी कोणतं वगळलं जाईल याचा अंदाज बांधता येत नाही. “कधी कधी अमुक सर्व्हिस उठत नाही” अशी तक्रार आली की लॉगमध्ये ‘ऑर्डरिंग सायकल’ शोधा. उपाय म्हणजे स्क्रिप्टच्या युनिटमध्ये ‘डिफॉल्टडिपेंडन्सीज=नो’ लिहून न सांगता जोडले जाणारे नियम काढून टाकायचे, किंवा डिस्कला ‘नोफेल’ लावायचं म्हणजे लोकल-एफएस तिच्यासाठी थांबत नाही. ‘सिस्टमडी-ॲनालाइज व्हेरिफाय’ला युनिट फाइल दिली की चक्र आणि चुकीचं स्पेलिंग दोन्ही बूटआधीच कळतं. स्पेलिंग चुकलं तर सिस्टमडी लॉगमध्ये एक ओळ टाकून तो नियम सोडून देतं, त्यामुळे ही कमांड प्रत्येक बदलानंतर चालवा.

डॉकर (प्रोग्राम वेगवेगळ्या ‘कंटेनर’मध्ये चालवणारी यंत्रणा) वापरत असाल तर वरचं बरंचसं आतल्या कंटेनरना लागू होत नाही. त्याच्या कंपोज फाइलमधलं ‘डिपेंड्स_ऑन’ नुसतं लिहिलं तर फक्त क्रम लावतं. तयारीसाठी हेल्थचेक आणि ‘सर्व्हिस_हेल्दी’ची अट लागते. आणि मशीन रीबूट झाल्यावर डॉकर स्वतःच्या रीस्टार्ट नियमाने कंटेनर उठवतो तेव्हा ‘डिपेंड्स_ऑन’ बघतच नाही. तिथे प्रोग्रामने स्वतः पुन्हा पुन्हा प्रयत्न करणं हाच भरवसा.

पायरी ९: खरी चाचणी

‘रीबूट’ कमांड देऊन सगळं नीट आलं म्हणून निघून येऊ नका. रीबूटमध्ये राउटर आधीच चालू असतो, डेटाबेस नीट बंद झालेला असतो, घड्याळ बरोबर असतं. म्हणजे जी परिस्थिती तपासायची आहे तीच तिथे नसते.

आधी राउटर बंद ठेवून रीबूट करा: नोंद चालू, पाठवणी प्रयत्न करत राहिलेली, असं दिसायला हवं. मग डबा शटडाऊन करून एसएसडी काढा आणि चालू करा: डबा उठायला हवा, पोस्टग्रेस सुरू व्हायला नको, आणि /डेटामध्ये एकही नवी फाइल दिसायला नको. चालू डब्यातून कन्व्हर्टर काढून परत लावा. शेवटी बॅकअप घेऊन, माल आत नसताना, सेन्सर पॅनेलसकट सगळ्याचा मेन स्विच पाडा. दहा मिनिटं थांबून चढवा आणि कशालाही हात लावू नका. नंतर ‘जर्नलसीटीएल -बी -ओ शॉर्ट-मोनोटोनिक’ काढून बघा: माउंट, पोस्टग्रेस, नोंद याच क्रमाने आले का, ‘पीजी_इजरेडी’ला किती सेकंद लागले, नेटवर्कची वाट बघणारी सर्व्हिस नापास झाली का. मिळालेल्या सेकंदांच्या निदान तिप्पट ‘टाइमआउटस्टार्टसेक’ ठेवा.

सगळं जमलं की ‘सिस्टमडी-डेल्टा’ चालवा. मूळ पॅकेजपेक्षा तुम्ही काय काय बदललंय त्याची यादी ती देते. ती यादी, एफएसटॅब, यूडेव्हचा नियम आणि /ईटीसी/सिस्टमडी/सिस्टम फोल्डर यांची प्रत डब्याबाहेर ठेवा. एसडी कार्ड कधीतरी जाणारच, आणि नवीन कार्डावर हे सगळं आठवून लिहिण्यापेक्षा कॉपी करणं बरं.